आईच्या झाडाची साल

“डावीकडे! डावीकडे पाडा रे! उजवीकडे मेताबाई झोपल्यात. जिवंतपणी अंगावर सावली पडली तरी भांडायच्या. झाड पडलं तर उठूनच येतील.”

आउस्मा दोन्ही हात वर करून ओरडत होती. करवतवाल्या दोघांनी दोर ताणला, भूर्ज एकदा करकरला, विचार बदलल्यासारखा क्षणभर थांबला आणि नीट डावीकडच्या वाटेवर आडवा झाला. पानांचा आवाज बराच वेळ निवत राहिला. मेताबाईंच्या दगडाला धक्काही लागला नाही.

आउस्मा या दफनभूमीची राखणदार. उत्तर लाटवियातल्या एका पाइनच्या टेकडीवरचं हे गावचं कबरस्तान. नवरा गेल्यावर तिला हे काम मिळालं. मुलं आयर्लंडला मशरूम खुडायला गेली ती तिकडचीच झाली. मग गावातले मेलेले लोक तिने दत्तक घेतले. त्यांचे तंटे, त्यांच्या जागा, कुणाशेजारी कुणाला ठेवलं तर चालणार नाही, सगळं तिला ठाऊक. जिवंतांपेक्षा यांचं बरं, असं ती म्हणायची, निदान पाय पुसून आत येतात.

आज पाडलेला भूर्ज मात्र तिच्या स्वतःच्या आईच्या कबरीवरचा होता. कुणी लावलेला नव्हता. आई गेल्यावर दोन-तीन वर्षांत वाऱ्याने कुठून बी आणलं आणि डोक्याशी रोप उभं राहिलं. तेव्हाच उपटायला हवं होतं. आउस्माने उपटलं नाही. आता त्याच्या मुळांनी मेताबाईंचा दगड वाकवला होता, त्यांचा मुलगा तक्रार घेऊन नगरपालिकेत गेला होता, आणि राखणदारणीच्याच घरच्या कबरीवर नियम मोडलाय म्हटल्यावर बोलायला जागा उरली नव्हती.

“लाकूड नेऊ का?” करवतवाल्यांतला थोरला म्हणाला.

“खाली रस्त्याकडेला टाका, पालिकेची गाडी येईल. तुम्हाला माहितीय ना, इथलं काही घरी न्यायचं नसतं?”

“माहितीय म्हणूनच विचारलं. आमची आजी म्हणायची, इथली काडी नेली तर तिचा मालक मागोमाग येतो.”

“येतोच,” आउस्मा ठामपणे म्हणाली. गेल्या उन्हाळ्यात तिने शहरातून आलेल्या एका जोडप्याला ब्लूबेरीने भरलेली टोपी पाइनखाली रिकामी करायला लावली होती.

तेवढ्यात फाटकाशी गिर्तची गाडी थांबली.

गिर्त पूर्वी गावच्या डेअरीत दूध तपासायचा. डेअरी बंद पडली, पण गिर्त काही डेअरीतून बाहेर पडला नाही. रिकाम्या इमारतीची एक खोली घेऊन तो तिथे भूर्जाच्या सालीतून पांढरी भुकटी काढायचा आणि सूर्यफुलाच्या तेलात घोटून तिचं मलम करायचा. गावातल्या निम्म्या बायकांच्या कपाटात त्याचा पत्र्याचा डबा होता. कुणी गालांना लावायचं, कुणी भेगाळलेल्या टाचांना. आउस्माच्या घरी ते तिच्या बहिणीच्या, हेर्ताच्या, पायाच्या जखमेला लागायचं.

गिर्त आला, पडलेल्या झाडाकडे बघितलं आणि टोपी काढली. ती मेलेल्यांसाठी काढली की सालीसाठी, ते कळायला मार्ग नव्हता.

“काय साल आहे हो, आउस्माबाई! आणि नेमकी जूनमध्ये. कोट उतरवल्यासारखी निघेल.”

“हळू बोल.”

“करवतवाले गेले की खाली जेवायला.”

“ते नाही, बाकीचे ऐकतायत,” आउस्मा म्हणाली आणि कबरींकडे हात केला.

ती स्वतःच काल त्याच्याकडे गेली होती. प्लायवूडच्या गिरणीने यंदा साल देणं बंद केलं होतं, ती आता मोठ्या लोकांना विकली जात होती. गिर्तच्या फळीवर एकही डबा नव्हता. हेर्ताचा डबा तळाशी आला होता, आउस्मा चमच्याच्या मागच्या टोकाने तो खरवडत होती. आणि नर्स इंगुना म्हणाली होती, “आता मध्येच सोडू नका हं. कडेने नवी कातडी धरतेय. ही जखम मिटली नाही, तर शरद ऋतूत वाल्मिएराच्या इस्पितळात न्यावंच लागेल. आणि तिथले सर्जन काय म्हणतील ते मी आज सांगत नाही.”

न सांगितलेलं दोघी बहिणींना समजलं होतं.

गिर्तने खोडाच्या पाठीवर उभी चीर दिली. वरची पांढरी साल खरोखरच कोट उतरवावा तशी निघाली, आतली तपकिरी बाजू ओली आणि चकचकीत. त्याने गुंडाळ्या केल्या. आउस्माने आपला एप्रन सोडून त्यांवर टाकला, फाटकातून जाताना दिसू नये म्हणून. इतकी वर्षं ती फाटकाशी उभी राहून लोकांच्या पिशव्या बघायची. आज तिने रस्ता बघितला, कुणी येतंय का.

“घरी नाही नेत आहोत,” ती म्हणाली. “डेअरीत नेतोय.”

“अगदी,” गिर्त म्हणाला. “डेअरीत कोण येणार मागोमाग?”

*

साल सुकल्यावर गिर्तने तिला बोलावलं. तुकडे केलेली साल मद्यार्कात उकळून झाली होती. गाळलेला अर्क रात्रभर थंड जागी ठेवला होता आणि भांड्याच्या तळाशी पांढरा साका बसला होता. त्याने वाळवलेली भुकटी चिमटीत धरली. पिठाहून हलकी.

“झाडाचा पांढरेपणा तो हाच,” गिर्त म्हणाला. “बेट्युलिन म्हणतात. पाऊस आत येऊ नये, ऊन लागू नये, म्हणून झाड हे अंगाला फासून उभं राहतं. आता गंमत बघा. यात मेण नाही, साबण नाही, काही नाही. नुसतं तेल.”

तो घोटत राहिला. पातळ तेल हळूहळू जड झालं आणि शेवटी पळी सोडली तरी पळी उभी राहिली.

आउस्माने वास घेतला. कशाचाच आला नाही. तेलाचा थोडा.

आईच्या मलमाला वास होता. आईसुद्धा भूर्जाचंच करायची, पण ते डांबर. मातीच्या भांड्यात साल कोंबून, ते बरणीवर उपडं ठेवून भोवती जाळ केला की खालच्या बरणीत काळं गळायचं. त्यानेच घोड्याचं सामान, त्यानेच बूट, आणि त्यानेच हेर्ता. हेर्ताला लहानपणी कोपरांत, गुडघ्यांमागे, मानेवर नायट्यासारखं उठायचं. आई रोज सकाळी लाकडी पट्टीने डांबर फासायची आणि शाळेत पाठवायची. हाताने कधी नाही, पट्टीनेच. हात घाण झाले तर दूध कोण काढणार? कातडी बरी व्हायची, हेही खरं. पण वर्गात पोरं नाक धरून म्हणायची, “हेर्ता आली, बूट आले!” चार वर्षं ती शेवटच्या बाकावर एकटी बसली. सोळाव्या वर्षी रीगाला गेली ती ब्रेडच्या दुकानात उभी राहिली. तीस वर्षं उभी. आईच्या मातीला आली, पण मूठभर वाळू टाकून संध्याकाळच्या बसने परतली. कॉफीलाही थांबली नाही. त्यानंतर त्या कबरीशी कधी गेली नाही. आधी कामाचं कारण होतं, मग पायाचं.

उभं राहून राहून पायाच्या शिरा गेल्या, घोट्याच्या वर जखम झाली, ती काही भरेना. नोकरी सुटली, खोली सुटली, आणि ती एका पेटीसकट आउस्माच्या दारात आली. “किती दिवस?” आउस्माने विचारलं होतं. “पाय ठरवेल,” हेर्ता म्हणाली होती.

गिर्तने डबा भरून दिला. “कुणाची साल ते सांगायचं का?” त्याने विचारलं.

“झाडाची,” आउस्मा म्हणाली.

*

“आणला का तुझा पांढरा रंग?” हेर्ताने पाय स्टुलावर टेकवला आणि शब्दकोड्याचं मासिक तोंडासमोर धरलं.

इंगुना पट्टी सोडत होती. चुलीवर चुक्याचं सूप उकळत होतं. आउस्माने डबा पुढे केला.

“गिर्तचा माल गिरणीने बंद केला म्हणत होतीस ना?” हेर्ताने विचारलं.

“शेवटची गाडी मिळाली.”

हे खोटं तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“छान आहे,” इंगुना जखमेवर वाकून म्हणाली. “हेर्ताबाई, डॉक्टरांना मी सांगितलंय. लावा म्हणाले. पण वरची घट्ट पट्टी सोडायची नाही, कळलं? मलम एकटं काही चमत्कार करत नाही.”

“मी चमत्कार मागितलाच नाही. मला बाथहाउसात जायचंय. या बाईने मला वर्षभर टबात पाय बाहेर काढून आंघोळ घातलीय. बगळ्यासारखी.”

“बगळा एवढं बोलत नाही,” आउस्मा म्हणाली.

“बगळ्याला बहीण नसते.”

इंगुना हसली. तिने मलम जाडसर पसरलं, जाळीची पट्टी ठेवली, वरून घट्ट गुंडाळलं. हेर्ता मासिकामागून म्हणाली, “एक चांगलं आहे. वास नाही. भूर्जाला म्हातारपणी का होईना अक्कल आली.”

जुलैभर जखम आत आत सरकत गेली. हेर्ता काठी टेकत बागेपर्यंत जाऊ लागली, मग रस्त्यापर्यंत, मग गावातल्या बिरुताच्या घरापर्यंत. एके दिवशी तिने स्वतःच बटाटे उकडून शेपू चिरला आणि आउस्मा कामावरून आली तेव्हा ताट मांडलेलं होतं. “फार खारट आहेत,” आउस्मा म्हणाली आणि सगळे खाल्ले.

आणि मग हेर्ता म्हणाली, “रविवारी मीही येते. वर.”

आउस्माच्या हातातला काटा थांबला. रविवारी कबरींचा सण होता.

“चढ आहे गं.”

“चढायला आहेत पाय. दीड तरी आहे.”

“गर्दी असते.”

“मग? आई एकटी असायची वाट बघू का? लोकांत गेलेलं बरं. लोकांत ती कधी काही बोलायची नाही.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. आउस्माने ताटं उचलली.

*

कबरींच्या सणाला सगळं गाव वर येतं. रीगाहून, वाल्मिएराहून गाड्या भरून माणसं येतात. हिरव्या कुंपणांमधली पांढरी वाळू आदल्या दिवशी दाताळ्याने विंचरलेली असते, प्रत्येक घराची नक्षी वेगळी. पाद्रीबाई बोलतात, बँड वाजतो, मग जो तो आपल्या माणसांपाशी बसतो आणि पिशवीतून कॉफी, केक, शहाजिऱ्याचं चीज निघतं.

हेर्ता निळा ड्रेस घालून आली होती. आईच्या कुंपणाशी पोचली आणि थांबली.

“इथे झाड होतं ना? मला फोटो पाठवला होतास.”

“मेताबाईंचा दगड वाकला. पाडावं लागलं.”

“कधी?”

“जूनमध्ये.”

एवढ्यावर कदाचित भागलं असतं. पण शेजारच्या बाकावर बिरुता होती, आणि बिरुता म्हणजे गावचा भोंगा. गोल, लाल गालांची, मनाने निर्मळ बाई.

“अगं, काय देखणी साल होती! पालिकेची गाडी आली तेव्हा मी बघितलं ना, नागडं लाकूड पडलेलं रस्त्याकडेला. मी म्हटलं, साल कुठे गेली? तर ड्रायव्हर म्हणतो, डेअरीवाला…” बिरुता मध्येच थांबली. तिचा हात गालाकडे गेला. “आउस्मा. गिर्तचा नवीन डबा.”

आउस्मा पिशवीतून कॉफीचे कप काढत राहिली.

“आउस्मा! मी तीन आठवडे तुझ्या आईला तोंडाला फासतेय?”

“तुला मानवलंय,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन-तीन बायका हसल्या. पण सगळ्या नाही. एकीने रुमाल काढून हळूच कपाळ पुसलं. मेताबाईंची सून म्हणाली, “आमच्या पोरांच्या मुठीतल्या ब्लूबेरी टाकायला लावते, आणि स्वतः—” आणि पुढचं बोलली नाही, कारण बँडने पुढची धून सुरू केली.

हेर्ता आपल्या पायाकडे बघत होती. निळ्या ड्रेसखाली पट्टीची पांढरी कड दिसत होती.

“शेवटची गाडी,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “गिरणीची.”

“हेर्ता—”

“मला खाली सोड.”

घरी येऊन तिने स्टुलावर पाय ठेवला आणि म्हणाली, “धुऊन काढ. सगळं.”

आउस्माने कोमट पाण्याने सगळं धुऊन काढलं.

“आईने मला विचारलं नव्हतं,” हेर्ता मासिकामागून म्हणाली. “लाकडी पट्टी घ्यायची आणि फासायचं. तूही विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“हो. नाही म्हणाले असते. तेवढंच माझं होतं.”

*

त्यानंतर नुसती ओली जाळी आणि घट्ट पट्टी. आठवडाभराने इंगुना बराच वेळ वाकून बघत राहिली. “थांबलीय,” ती म्हणाली. “एका कडेला पुन्हा ओली झालीय. काय भांडण झालंय ते मला नका सांगू, पण ते इथे दिसतंय.”

आउस्मा गिर्तकडे गेली. बायकांनी डबे परत आणून दिले होते, फळी पुन्हा भरली होती. काहींनी अर्धे वापरलेलेही परत केले होते, बोटांच्या खुणांसकट. गिर्त म्हणाला, “लाकूडतोड्यांशी बोललोय. जंगलातली साल मिळेल, पण सप्टेंबरात, तोड सुरू झाली की. आता रस आटला, साल चिकटून बसलीय. उभ्या झाडाची कापून काढली तर झाड मरेल.”

सप्टेंबर म्हणजे वाल्मिएराचं इस्पितळ.

तिने घरी येऊन हेच सांगितलं, एक शब्द न बदलता.

“तू सांगतेस म्हणजे खरं असेल का?” हेर्ता म्हणाली.

“गिर्तला विचार.”

“तोही टोपी काढून खोटं बोलतो.”

आईच्या झाडाचा तो डबा अजून कपाटात होता. आउस्माने तो बाहेर काढून टेबलावर ठेवला. “यात काय आहे ते आता तुला माहितीय. ठेवते इथे. मी लावणार नाही.”

डबा टेबलावर राहिला. दोघी त्याच्या दोन बाजूंना जेवल्या. मीठ घेताना तो सरकवावा लागे, आणि मग परत जागेवर ठेवावा लागे.

आउस्मा कामावर जात राहिली. दफनभूमीत लोक तिच्याशी बोलत, पण पूर्वीसारखे घाबरत नव्हते. एका पोरीने तिच्यादेखत पाइनची फळं खिशात घातली. आउस्माने दाताळं दुसऱ्या कबरीकडे वळवलं.

एका दुपारी ती आईच्या कुंपणाशी आली. काल संध्याकाळी तिने इथली वाळू विंचरली होती, नेहमीसारखी, मागे मागे सरत, म्हणजे स्वतःचंही पाऊल उरू नये. आता तिथे पावलं होती. एक नीट उमटलेलं, दुसरं ओढलेलं, आणि शेजारी काठीचं गोल भोक. पुन्हा एक, पुन्हा ओढलेलं. पाडलेल्या भूर्जाच्या उरलेल्या बुंध्यापर्यंत गेलेली. तिथे वाळू बरीच तुडवलेली होती. मग परत फिरलेली.

बसची वेळ नव्हती. म्हणजे टेकडी चढून आली होती. आउस्मा सकाळी पालिकेच्या गोदामात गेली होती तेवढ्यात.

तिने दाताळं उचललं. मग पाइनला टेकवून ठेवलं आणि घराकडे निघाली. राखणदार कामाच्या वेळात घरी गेल्याचं गावाने पहिल्यांदा पाहिलं.

हेर्ता स्वयंपाकघरात होती. बुटांना वाळू होती. पाय स्टुलावर, घट्ट पट्टी अर्धी सुटलेली, हाताला न पोचणारं टोक खाली लोंबत होतं.

“चालत गेलीस?”

“नाही, बगळा झाले, उडाले.”

आउस्मा तिच्यासमोर बसली. “काही बोललीस तिच्याशी?”

“काय बोलणार? उभी राहिले. पाय दुखला. मग बसले बुंध्यावर.” हेर्ताने काठी भिंतीला टेकवली. “आईच्या मांडीवर बसल्याचं मला एकदाही आठवत नाही. तुला?”

आउस्माला आठवत होतं. दोनदा तरी.

“नाही,” ती म्हणाली.

हेर्ताने मान हलवली. या वेळी खोटं तिला कळलं असावं, पण तिने ते चालवून घेतलं. “बुंधा बरा होता. उन्हात गरम झालेला.” मग ती म्हणाली, “पट्टी सोड. पोचत नाही मला. पण बाकीचं मी करणार. तू हात लावायचा नाहीस.”

आउस्माने पट्टी सोडली, जाळी अलगद उचलली आणि हात मागे घेतले. हेर्ताने डबा जवळ ओढला, झाकण काढलं, हाताचं एक बोट आत बुडवलं. मासिक खिडकीत पडलेलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा ती पुढे वाकली आणि आपल्या जखमेकडे बघितलं.

बराच वेळ बघत राहिली.

“एवढीशीच?” ती म्हणाली.

आउस्माने ती जखम तळहाताएवढी असताना पाहिली होती. आत काय दिसायचं तेही पाहिलं होतं.

“हो,” ती म्हणाली. “एवढीच.”

हेर्ताने बोट टेकवलं. मलम तिने फार जाड घेतलं होतं, निम्म्याने भागलं असतं. आउस्मा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.